एक तास, एक गुन्हा : ‘रायनॉक्स’, ‘द घोस्ट कॅमेरा’ आणि ‘नंबर सेव्हंटीन’ यांतला कोणता आधी पाहावा?

बोलपटाच्या आरंभीच्या काळातला एखादा स्वस्तातला ब्रिटिश गुन्हेपट पाहावा असे मनात आले, पण त्यासाठी एका संध्याकाळीहून अधिक वेळ काढणे शक्य नसले, तर नेमका कोणता पाहावा हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. असे चित्रपट त्या दशकात शेकड्यांनी निघाले. त्यांतले कितीतरी कायमचे हरवले, आणि जे उरले त्यांतले पुष्कळसे हरवले असते तरी फारसे काही बिघडले नसते. म्हणून या आढाव्यासाठी तीनच चित्रपट घेतले आहेत : मायकेल पॉवेल यांचा ‘रायनॉक्स’ (१९३१), आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘नंबर सेव्हंटीन’ (१९३२) आणि बर्नार्ड व्होरहाउस यांचा ‘द घोस्ट कॅमेरा’ (१९३३). तिन्ही सत्तर मिनिटांच्या आत संपतात, तिन्हींत एका प्रेतापासून गोष्ट पेट घेते, आणि तिन्हींच्या निर्मात्यांनी हात आखडूनच खर्च केला होता. ‘नंबर सेव्हंटीन’ आणि ‘द घोस्ट कॅमेरा’ यांना जोडणारा आणखी एक दुवा आहे. पहिला ज्या नाटकावर आणि दुसरा ज्या कथेवर बेतला आहे, ते नाटक आणि ती कथा जे. जेफर्सन फार्जन या एकाच रहस्यलेखकाची.

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना फक्त नाव हवे आहे त्यांना पुढचे वाचण्याची तसदी नको. एकच पाहायचा असेल तर ‘द घोस्ट कॅमेरा’ पाहावा. पाऊण तासच हाताशी असेल तर ‘रायनॉक्स’. आणि हिचकॉक यांच्या नावामुळे ‘नंबर सेव्हंटीन’कडे हात जात असेल, तर तो आवरून हा चित्रपट शेवटासाठी राखून ठेवावा. हा क्रम लावण्यामागची कसोटी साधी आहे. या चित्रपटांत पैसा कमी पडला आहे हे पहिल्या पाच मिनिटांतच कळते आणि ते लपवणे कुणालाच जमलेले नाही. पाहण्यासारखे असते ते हे, की जे चार पैसे होते ते दिग्दर्शकाने कशावर लावले.

फुटाला एक पौंड

ही स्वस्ताई काही अपघाताने आलेली नव्हती. १९२५-२६च्या सुमारास ब्रिटनच्या पडद्यांवर झळकणाऱ्या चित्रपटांत ब्रिटिश चित्रपटांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येऊन ठेपले होते, आणि बाकीचा बहुतेक माल अमेरिकेतून येत होता. त्यावर उपाय म्हणून १९२७ साली सिनेमॅटोग्राफ फिल्म्स ॲक्ट संमत झाला आणि १९२८च्या एप्रिलपासून त्याचा अंमल सुरू झाला. वितरकांनी आरंभी साडेसात टक्के आणि चित्रगृहचालकांनी पाच टक्के ब्रिटिश चित्रपट घेतलेच पाहिजेत, आणि हे प्रमाण पुढच्या दहा वर्षांत वीस टक्क्यांपर्यंत वाढत जाईल, अशी त्यात सक्ती होती. मात्र कायद्याने लांबी मोजली, दर्जा मोजला नाही. लंडनमध्ये कचेऱ्या थाटून बसलेल्या अमेरिकी वितरण कंपन्यांनी मग सरळ व्यापारी हिशेब केला : ब्रिटिश फिल्मचे अमुक इतके फूट दाखवणे भाग आहे ना, तर ते मिळतील तितक्या स्वस्तात बनवून घ्यावेत. तयार फिल्मच्या फुटाला एक पौंड हा भाव त्या व्यवहारात जणू रूढच होऊन गेला.

हा भाव म्हणजे काय ते आकड्यांत मांडले की नीट उमगते. पस्तीस मिलिमीटरचा बोलपट मिनिटाला ९० फूट या वेगाने यंत्रातून जातो, म्हणजे ६६ मिनिटांच्या चित्रपटाची लांबी झाली ५,९४० फूट, आणि या दराने निर्मात्याच्या पदरात पडणार तेवढेच पौंड. कथेचे हक्क, नटांचे मानधन, स्टुडिओचे भाडे, कच्ची फिल्म आणि स्वतःचा नफा, हे सगळे त्यातूनच भागवायचे. एखादा प्रसंग दुसऱ्यांदा चित्रित करावा लागला, की तो खर्च सरळ नफ्यातून वजा. त्यामुळे चित्रीकरण साधारण दोन आठवड्यांत उरकले जाई, आणि नटाची जीभ थोडी अडखळली तरी तेच दृश्य चालवून घेतले जाई. या चित्रपटांना ‘कोटा क्विकी’ (कायद्याने ठरवलेला कोटा, म्हणजे सक्तीचा वाटा, भरून काढण्यासाठी झटपट उरकलेला चित्रपट) हे कुचेष्टेचे नाव पडले, आणि लंडनची चित्रगृहे ते सकाळी झाडलोट करणाऱ्या बायकांपुढे दाखवून कायद्याचे समाधान करतात, अशी कथा चवीने सांगितली जाऊ लागली. ही कथा लंडनपुरती कितीही खरी असो. गावोगावच्या लहान चित्रगृहांत मात्र हे चित्रपट लोक आवडीने पाहत, असे अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. जाता जाता एक गंमत नोंदवण्यासारखी आहे : कायद्यातली ‘ब्रिटिश’ची व्याख्या साम्राज्यभरच्या स्टुडिओंना लागू होती, म्हणजे कागदोपत्री मुंबईत तयार झालेली फिल्मसुद्धा ‘ब्रिटिश’ ठरू शकत होती.

तिन्ही चित्रपट एकाच मापाने मोजण्याआधी एक फरक ध्यानात ठेवायला हवा. ‘रायनॉक्स’ आणि ‘द घोस्ट कॅमेरा’ हे खऱ्या अर्थाने या व्यवस्थेची अपत्ये आहेत. ‘नंबर सेव्हंटीन’ ब्रिटिश इंटरनॅशनल पिक्चर्स या मोठ्या कंपनीने एल्सट्रीच्या आपल्या स्टुडिओत काढला, आणि या कंपनीपाशी स्वतःच्या चित्रगृहांची साखळीही होती. तो कोट्याची बेरीज जुळवण्यासाठी घाईने उरकलेला नव्हे. तरी तिन्हींत नाव मोठे असूनही, कसलेल्या हाताचा आणि तोकड्या साहित्याचा विसंवाद सर्वांत जास्त जाणवतो तो त्याच्यातच.

‘रायनॉक्स’ : पाऊण तासाचा काटकसरी हिशेब

‘रायनॉक्स’ अवघ्या ४८ मिनिटांचा आहे. पॉवेल तेव्हा सव्वीस वर्षांचे होते आणि त्याआधी त्यांनी हिचकॉक यांच्या मूकपटांच्या सेटवर प्रसिद्धीसाठी लागणारी स्थिरचित्रे काढण्याचे काम केले होते. १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी असे वीसहून अधिक चित्रपट हातावेगळे केले, ज्यांतले जवळजवळ निम्मे आज उपलब्ध नाहीत. ‘रायनॉक्स’ही हरवलेल्यांच्या यादीत जमा होता, १९९० साली पाइनवुड स्टुडिओच्या साठ्यात त्याची प्रत मिळाली तेव्हा तो परत आला.

फिलिप मॅकडोनाल्ड यांच्या १९३०च्या कादंबरीवरून हा चित्रपट घेतलेला आहे. रायनॉक्स नावाच्या कंपनीचा प्रमुख एफ. एक्स. बेनेडिक याला बॉझवेल मार्श नावाचा एक उर्मट, दाढीवाला इसम धमक्या देत असतो. एका रात्री बेनेडिक आपल्याच घरात गोळी लागून मरण पावतो, आणि कंपनीचा गाडा हाकता हाकता बापाच्या खुन्याचा माग काढण्याची जबाबदारी त्याचा मुलगा टोनी याच्यावर येते. मूळ कादंबरीची मांडणी मोठी खट्याळ आहे, कारण ती उपसंहारापासून सुरू होते आणि प्रस्तावनेपाशी संपते. याहून अधिक कथा सांगणे हा वाचकाचा विश्वासघात होईल. एक सूचना मात्र आवर्जून करतो : हा चित्रपट पाहण्याआधी कोणत्या नटाने कोणती भूमिका केली याची यादी वाचू नये. माहिती देणाऱ्या पानांवर ती सर्वांत वर छापलेली असते, आणि तिच्यातल्या एका ओळीत अख्खे रहस्य उघडे पडते.

पॉवेल यांनी आपला पैसा लावला आहे तो वेगावर. दृश्य सुरू होते ते ऐन मुद्द्यावर, आणि मुद्दा संपताच तुटते. कुणी जिना चढत नाही, कुणी टॅक्सीची वाट पाहत बसत नाही. नेपथ्य मोजक्या खोल्यांचे आहे, पण कंपनीच्या कचेरीला त्यांनी आधुनिक, सरळ रेषांचे रूप दिले आहे. मोकळ्या भिंती आणि मोठी टेबले यांमुळे काटकसरीलाच श्रीमंतीचा भास येतो, आणि सामान कमी का आहे हा प्रश्न मनात येतच नाही. चित्रपट तयार झाला त्याच वर्षी, १९३१च्या सप्टेंबरमध्ये, ब्रिटनने सुवर्णमानक, म्हणजे चलनाची सोन्याशी घातलेली सांगड, सोडले. कंपनीची पत, भागधारकांची धाकधूक आणि संचालकांची कुजबुज या गोष्टी त्या वेळच्या प्रेक्षकाला वर्तमानपत्रातून रोज भेटत होत्या. रहस्यपटात वाडे, मृत्युपत्रे आणि चोरदरवाजे यांचाच सुळसुळाट असण्याच्या काळात गुन्ह्याची गोष्ट कचेरीत नेऊन बसवणे, हे ‘रायनॉक्स’चे खरे वेगळेपण आहे.

उणीव अशी, की रहस्यकथा वाचून मुरलेला प्रेक्षक त्यातली मेख अर्ध्या वाटेवर ओळखतो, आणि एकदा ती ओळखली की उरलेल्या वेळात पात्रांच्या मागे जावेसे वाटेल इतकी ती पात्रे भरीव नाहीत. जॉन लाँगडन यांनी टोनीचे काम नीटनेटके केले आहे, पण ते लक्षात राहत नाही. मूकपटांच्या काळात नाव कमावलेले स्टुअर्ट रोम मात्र लक्षात राहतात; त्यांच्या हालचालींत त्या जुन्या अभिनयाची ढब अजून शिल्लक आहे, आणि इथे ती उपयोगीही पडते. दुय्यम भूमिकेत लेस्ली मिचेल आहेत. १९३६ साली बीबीसीची दूरचित्रवाणी सुरू झाली तेव्हा ऐकू आलेला पहिला निवेदकी आवाज त्यांचाच.

‘द घोस्ट कॅमेरा’ : धुतलेल्या फिल्ममधला पुरावा

जॉन ग्रे हा औषधे-रसायनांच्या व्यवसायातला, पुस्तकी भाषेत बोलणारा, साहसाची हौस असलेला पण साहसाची सवय नसलेला गृहस्थ. प्रवासाहून परतल्यावर त्याला आपल्या मोटारीत एक कॅमेरा सापडतो, जो त्याचा नसतो. पडक्या किल्ल्याच्या खिडकीतून भिरकावलेला हा कॅमेरा खालून जाणाऱ्या त्याच्या उघड्या मोटारीत येऊन पडलेला असतो. मालकाचा पत्ता लागावा म्हणून ग्रे आतली फिल्म धुतो, आणि एका फोटोत त्याला चक्क खून होताना दिसतो. तो फोटो आणि कॅमेरा लगेच त्याच्या प्रयोगशाळेतून चोरीला जातात. हाती राहतात ती त्याच रोलवरची बाकीची, वरवर निरुपद्रवी दिसणारी चित्रे, आणि त्यांच्याच आधाराने तो आणि त्याचा मदतनीस सिम्स शोधाला निघतात. त्यांतल्या एका फोटोत एक तरुणी उभी असते. तिला, म्हणजे मेरीला, गाठल्यावर गोष्टीला वळण लागते.

या कल्पनेची कमाल कशात आहे, ते थांबून पाहण्यासारखे आहे. चित्रपटाच्या स्टुडिओत सर्वांत स्वस्त वस्तू कोणती असेल, तर ती साधा फोटो. व्होरहाउस यांनी आपल्या गोष्टीचा सगळा भार त्या फोटोंवर टाकला आहे. ग्रे फोटो हातात धरतो, तेव्हा प्रेक्षकही त्याच्या खांद्यावरून वाकून तोच फोटो पाहत असतो, आणि त्यात काय शोधायचे हे दोघांनाही सारखेच ठाऊक नसते. पुराव्याची अशी समान वाटणी ‘रायनॉक्स’मध्ये नाही, तिथे लेखकाला सगळे माहीत आहे आणि तो आपल्याला हप्त्याहप्त्याने सांगतो. ‘नंबर सेव्हंटीन’मध्ये तर कुणाला काय माहीत आहे याचाच थांग लागत नाही. ज्यांनी लग्नाचा किंवा सहलीचा रोल स्टुडिओत धुवायला देऊन चार दिवस वाट पाहिली आहे, आणि पाकीट उघडल्यावर त्यात भलत्याच कुणाचा तरी फोटो निघालेला पाहिला आहे, त्यांना हा चित्रपट आणखी थोडा जवळचा वाटेल.

दुसरी गोष्ट म्हणजे हा चित्रपट घराबाहेर पडतो. ज्युलियस हेगन यांचा ट्विकनहॅम स्टुडिओ हा झटपट चित्रपटांचा मोठा कारखाना होता. तो रेल्वेमार्गाला लागून असल्यामुळे ध्वनिमुद्रणाला सोयीचा नव्हता, आणि तिथे रात्रपाळ्या लावूनही चित्रीकरण चाले. अशा ठिकाणी काम करणारा सामान्य दिग्दर्शक चार भिंतींतच बसून राहिला असता, कारण बाहेर गेले की वारा, गोंगाट आणि ढग या तिन्हींशी झुंजावे लागे. व्होरहाउस यांनी ग्रे आणि मेरी यांना मोटारीत बसवून मोकळ्या रस्त्यांवर नेले. या दृश्यांतला साधा सूर्यप्रकाश आज पाहतानाही ताजा वाटतो, तो मुख्यतः त्याच्या आजूबाजूचे इतर क्विकी बंद खोल्यांत कोंडलेले असल्यामुळे. पात्रांना बाहेरचा वारा लागला, की त्यांच्यावर विश्वास बसणे सोपे जाते.

तिसरी गोष्ट संकलन. ते पुढे दिग्दर्शक म्हणून गाजलेल्या डेव्हिड लीन यांचे आहे, तेव्हा वय वर्षे पंचवीस. कॉरोनरपुढच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढच्या, चौकशीचा प्रसंग पाहावा : एरवी असे प्रसंग म्हणजे एका बाजूला उभा केलेला कॅमेरा आणि पाळीपाळीने बोलणारी माणसे. इथे चेहऱ्यांच्या जवळून घेतलेल्या दृश्यांची जुळणी इतकी चपळ आहे, की संशयिताभोवती फास आवळत चालल्याचे संवाद न ऐकताही कळते. लीन यांनी पुढे व्होरहाउस यांचा आपल्यावरचा प्रभाव मोकळेपणाने मान्य केला. याच चित्रपटात मेरीच्या भावाचे काम करणारे जॉन मिल्स यांना लीन यांच्याच १९७०च्या चित्रपटासाठी सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले, आणि मेरीचे काम करणाऱ्या आयडा ल्युपिनो पुढे हॉलिवूडमध्ये आधी नटी आणि मग दिग्दर्शिका म्हणून नावारूपाला आल्या. दोन आठवड्यांत उरकलेल्या चित्रपटात भविष्यातली एवढी माणसे एकत्र यावीत, हा योगायोग खराच. व्होरहाउस यांच्या वाट्याला मात्र तसे भविष्य आले नाही. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम नाकारल्या जाणाऱ्यांच्या हॉलिवूडच्या काळ्या यादीत नाव गेल्यावर त्यांचे दिग्दर्शन सुटले, आणि इंग्लंडला परतून त्यांनी जुनी घरे दुरुस्त करण्याचा व्यवसाय केला.

दोष सांगायलाच हवेत. खुनी कोण हे ओळखायला डोके फार खाजवावे लागत नाही. ग्रेचे अलंकारिक बोलणे सुरुवातीला हसवते, मध्यावर सहन होते आणि शेवटी शेवटी अंगावर येते. शिवाय ल्युपिनो त्या वेळी अवघ्या पंधरा वर्षांच्या होत्या आणि ग्रेचे काम करणारे हेन्री केंडल छत्तिशीचे, ही गोष्ट एकदा कळली की त्या दोघांमध्ये उगवू पाहणारे प्रेम पाहताना संकोच वाटतो. त्या काळी कुणाला त्याचे काही वाटलेले दिसत नाही; आजच्या प्रेक्षकाने हे आधी माहीत असू द्यावे.

‘नंबर सेव्हंटीन’ : जिना, सावल्या आणि खेळण्यातली आगगाडी

आता ज्याचे नाव पाहून बहुतेक लोक आधी वळतात तो चित्रपट. त्याची सुरुवात या तिन्ही चित्रपटांतली सर्वांत देखणी आहे, हे मान्य करायला हवे. वाऱ्याने पाने उडत असतात, एका माणसाची हॅट डोक्यावरून उडते आणि फरफटत जाऊन एका रिकाम्या घराच्या दाराशी थांबते. माणूस वाकून ती उचलतो, आणि वर पाहतो तो आत खिडकीमागे एक उजेड हलताना दिसतो. तो दार ढकलून आत शिरतो. संवादाचा एक शब्दही न वापरता घर, रात्र आणि कुतूहल ही तिन्ही उभी राहतात.

त्यानंतरची चाळीसएक मिनिटे त्या घराच्या जिन्यावर जातात. वरच्या मजल्यावर एक प्रेत आहे आणि ते नंतर जागेवर राहत नाही, बेन नावाचा एक भटक्या आहे, छतातून एक मुलगी खाली पडते, मध्यरात्र उलटल्यावर ‘घर पाहायला’ म्हणून तिघे जण येतात, आणि एका हाराच्या मागे सगळे लागलेले आहेत. कोण पोलीस आणि कोण चोर याचा गोंधळ इतका वाढतो, की तो सोडवण्याची उमेदच राहत नाही. हिचकॉक यांना वास्तविक दुसरे नाटक हवे होते आणि कंपनीने हे त्यांच्या माथी मारले. पुढे मुलाखतीत त्यांनीही हा चित्रपट फसल्याचे कबूल केले. पटकथेत हात असलेले रॉडनी ॲकलंड यांच्या सांगण्याप्रमाणे, हिचकॉक यांना या प्रकारच्या नाटकांची टिंगलच करायची होती. तसे पाहिले तर हा गोंधळ मुद्दाम घातलेला ठरतो, पण ज्याने मूळ प्रकारची चार नाटकेही पाहिलेली नाहीत त्या प्रेक्षकाला विडंबनाची गंमत कशी कळावी? हा चित्रपट शेवटी ठेवावा असे म्हणण्यामागे हेही एक कारण आहे : इतर दोन पाहून झाल्यावर त्यातली चेष्टा जास्त लागू पडते.

हिचकॉक यांनी पैसा दोन ठिकाणी लावला. एक म्हणजे प्रकाश. छायाचित्रणकार जॅक कॉक्स यांनी मेणबत्तीच्या उजेडात कठड्याच्या सावल्या भिंतींवर अशा नाचवल्या आहेत, की तो जिनाच नायक वाटू लागतो. त्याच कठड्याला दोघांना बांधून ठेवतात आणि कठडा मोडून ते अधांतरी लोंबकळतात, तो क्षण आजही पोटात गोळा आणतो. दुसरे म्हणजे शेवटचा पाठलाग. घराखालून जाणाऱ्या मालगाडीत चोर चढतात, आणि गुप्तहेर प्रवाशांनी भरलेली बस पळवून तिच्या मागे लागतो. या पाठलागातली बस, गाडी आणि बंदर यांचा मोठा भाग छोट्या प्रतिकृतींवर चित्रित केलेला आहे, आणि तो तसा दिसतोही. काहींना हे हास्यास्पद वाटते. मला त्यात जत्रेत मांडलेल्या चालत्या देखाव्याची मजा वाटते, आणि संकलनाचा वेग असा आहे, की ही खेळणी आहेत हे ठाऊक असूनही पाय नकळत ब्रेक शोधू लागतो. खऱ्या आगगाडीवर घेतलेला असाच थरार ज्यांना हवा असेल, त्यांनी व्होरहाउस यांचाच १९३५चा ‘द लास्ट जर्नी’ शोधावा.

कानाला काय झेपेल

मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने निवडीत सर्वांत व्यावहारिक मुद्दा आहे तो भाषेचा, आणि त्याचा विचार सहसा कुणी करत नाही. १९३१-३३चे ध्वनिमुद्रण, त्यावर साचलेली खरखर आणि त्या काळची बोलण्याची धाटणी यांमुळे इंग्रजी उत्तम समजणाऱ्यालाही शब्द निसटतात. ‘रायनॉक्स’ या बाबतीत सोपा आहे, कारण बहुतेक पात्रे सुशिक्षित वर्गातली आणि संवाद स्वच्छ, नाटकी उच्चारांचे आहेत. ‘द घोस्ट कॅमेरा’मध्ये ग्रेची लांबलचक, शब्दकोशी वाक्ये उच्चारायला स्पष्ट आहेत, पण त्यांतला विनोद कळण्यासाठी थोडे अवधान लागते, सिम्सचे लंडनी बोलणे त्याच्यासमोर ठेवलेले असल्यामुळे दोघांचा विरोध मजेदार होतो. ‘नंबर सेव्हंटीन’ सर्वांत अवघड. बेनचे काम करणारे लिऑन एम. लायन यांनी तीच भूमिका रंगभूमीवर गाजवली होती आणि चित्रपटातही ते प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेसाठी अभिनय करतात. त्यांचा कॉकनी (लंडनच्या कामकरी वर्गाचा) हेल, पुटपुटणे आणि मध्येच ओरडणे यांपुढे उपशीर्षकांवाचून निभाव लागणे कठीण आहे. ज्यांना उपशीर्षके मिळणार नाहीत त्यांनी हा चित्रपट मूकपटासारखा, केवळ डोळ्यांनी पाहावा. तो तसाही बराचसा कळतो, हे हिचकॉक यांच्या कसबाचेच लक्षण म्हणायचे.

कुणी कोणता घ्यावा

ज्याला रहस्यकथेची रचना आवडते, पात्रांपेक्षा युक्ती महत्त्वाची वाटते आणि ज्याच्याजवळ वेळ थोडा आहे, त्याने ‘रायनॉक्स’ घ्यावा. पॉवेल यांचे पुढचे रंगीत, भव्य चित्रपट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा चित्रपट परका वाटण्याचा संभव आहे. रंगांची ती उधळण इथे शोधू नये, शोधायची असेल तर फक्त शिस्त. ज्याला हिचकॉक यांचे सर्व काम क्रमाने पाहायचे आहे, त्याच्यापुढे ‘नंबर सेव्हंटीन’वाचून पर्यायच नाही, आणि त्याने तो पाहताना गोष्टीच्या नादी न लागलेले बरे. बाकी सर्वांसाठी, विशेषतः जे घरातल्या चार जणांना बरोबर घेऊन बसणार आहेत त्यांच्यासाठी, ‘द घोस्ट कॅमेरा’ हाच माझा कौल आहे. तिन्हींत तोच एक असा आहे, जो जुना म्हणून सवलत मागत नाही.

एखाद्या चित्रपट मंडळाला सदस्यांसाठी खेळ लावायचा असेल, तर ‘रायनॉक्स’ आणि ‘द घोस्ट कॅमेरा’ लागोपाठ दाखवता येतात. मध्ये चहाची सुट्टी धरूनही अडीच तासांच्या आत कार्यक्रम आटोपतो. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, तरीही नव्याने स्वच्छ केलेली प्रत ज्या संस्थेकडून घ्यायची तिच्या अटी वेगळ्या असू शकतात, म्हणून आधी विचारून घ्यावे.

प्रत निवडताना ‘नंबर सेव्हंटीन’बाबत सर्वाधिक सावध राहावे लागते. त्याच्या धुरकट, डोके कापलेल्या चौकटींच्या प्रती वर्षानुवर्षे स्वस्तात फिरत आहेत, आणि ज्या चित्रपटाचे सगळे भांडवल सावल्यांत आहे त्यात काळा रंगच राखाडी झाला, तर पाहण्यासारखे काय उरणार? त्याची दुरुस्त केलेली प्रत निघालेली आहे. तीच मिळवावी, नाही तर थांबावे. परीक्षा म्हणून सुरुवातीची दोन मिनिटे लावून पाहावीत : उडत जाणारी हॅट दाराशी थांबल्यावर खिडकीतला हलता उजेड स्पष्ट दिसला, तर प्रत चांगली आहे.